संगणकातला समुद्र

फ्रान्समधल्या ब्रेस्टला फेब्रुवारी 2022मध्ये 'वन ओशन समिट' भरली. तिथे युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांनी युरोपच्या वतीने समुद्राचा 'डिजिटल ट्विन' उभारण्याची घोषणा केली. उपग्रह, बोया, जहाजं यांच्याकडून येणारी मोजमापं सतत पोटात घेणारं हे समुद्राचं संगणकीय प्रतिरूप. तुलूजची मर्केटर ओशन इंटरनॅशनल ही संस्था या कामात आघाडीवर आहे. प्रारूप जुनंच, नाव तेवढं नवं, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो निम्मा खरा आहे. लाटांचे आणि प्रवाहांचे अंदाज कित्येक वर्षांपासून वर्तवले जातातच. नवं आहे ते प्रश्न विचारण्याची सोय. इथे पवनचक्क्या उभ्या केल्या तर काय होईल, सांडलेलं तेल कुठल्या किनाऱ्याला लागेल, समुद्रगवत लावलं तर धूप किती थांबेल, हे शास्त्रज्ञांखेरीज बंदराच्या अधिकाऱ्यालाही स्वतः आजमावता यावं, असा हा प्रयत्न आहे.

तरी या सगळ्याचा जीव मोजमापात आहे. उपग्रहांना दिसतो तो मुख्यतः पृष्ठभाग. खालची खबर आणतात आर्गो तरंगक. साधारण माणसाच्या उंचीची ही नळी 1000 मीटर खोलीवर नऊएक दिवस वाहत राहते, मग 2000 मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान, क्षारता मोजत येते. वर चढण्यासाठी ती बाहेरच्या फुग्यात तेल ढकलते. वजन तेच राहतं, आकारमान वाढतं. आकडे उपग्रहाकडे धाडले की पुन्हा बुडी. साऱ्या जगाच्या महासागरांसाठी असे तरंगक आहेत सुमारे 4000! जिथे मोजमाप विरळ, तिथेही पडद्यावरचं चित्र तितकंच देखणं दिसतं, आणि मला धोका वाटतो तो याचाच. शिवाय युरोपच्या कोपर्निकस सागरी सेवेच्या जागतिक प्रारूपात समुद्राची एक चौकट साधारण आठ-नऊ किलोमीटरची. कोकणातल्या खाडीचं मुख तिच्यात हरवून जातं.

मग इतक्या अपुऱ्या माहितीवर विसंबायचं कशाला? कारण निर्णय कोणासाठी थांबत नाहीत. हैदराबादचं 'इन्कॉइस' हे महासागर माहिती केंद्र पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना मराठीतूनही देतं. ती हमी नसते, पण अंदाज म्हणून उपयोगी पडते. डिजिटल ट्विननेही प्रत्येक उत्तरासोबत ते किती खात्रीचं आहे हे सांगायला हवं. आणि पडद्यावर पैसा ओतणाऱ्या सरकारांनी आधी तरंगक आणि भरती-ओहोटीमापक यांच्या देखभालीची तरतूद करावी.