उपग्रह मार्गनिर्देशन

कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संदेशांच्या साहाय्याने जमिनीवरील, समुद्रावरील किंवा आकाशातील वस्तूचे स्थान, तिचा वेग व अचूक वेळ निश्चित करण्याच्या पद्धतीस उपग्रह मार्गनिर्देशन म्हणतात. जहाजे, विमाने व सैन्यदले यांना मार्ग दाखविणे हा तिचा मूळ हेतू होता. आज दूरध्वनीची मनोरे-केंद्रे, विद्युत् पुरवठ्याची जाळी, बँकांचे व्यवहार, शेतजमिनीची मोजणी इ. अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत व पुष्कळदा त्या वापरणाऱ्यांस ह्याची जाणीवही नसते. त्यामुळे ह्या तंत्राच्या भवितव्याचा विचार करताना उपग्रहांइतकाच ते चालविणाऱ्या कुशल मनुष्यबळाचाही विचार करावा लागतो.

इतिहास : १९५७ साली सोव्हिएट रशियाने स्पुटनिक-१ सोडल्यावर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशाच्या कंप्रतेत डॉप्लर परिणामामुळे होणारा बदल मोजून उपग्रहाची कक्षा काढली. कक्षा आधीच माहीत असेल, तर उलट गणिताने संदेश ऐकणाऱ्याचे स्थान काढता येईल, हे तेथीलच फ्रँक मॅक्‌क्लूर यांच्या लक्षात आले. ह्यातून निर्माण झालेली ट्रान्झिट ही प्रणाली १९६४ पासून अमेरिकी नौदलाच्या वापरात आली. तिच्या पुढची जीपीएस प्रणाली १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडून सुरू झाली व १९९५ मध्ये पूर्ण कार्यान्वित झाली. रशियाची ग्लोनास, यूरोपची गॅलिलिओ व चीनची बेइदोऊ ह्याही जागतिक प्रणाली होत. जपान व भारत यांच्या प्रणाली प्रादेशिक स्वरूपाच्या आहेत.

तत्त्व : प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान व संदेश निघाल्याची वेळ सतत प्रक्षेपित करीत असतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळास प्रकाशवेगाने गुणले म्हणजे अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे स्थान ठरविण्यास पुरेशी वाटतात. परंतु ग्राहीमधील घड्याळ साधे असल्याने त्याची चूक हे चौथे अज्ञात ठरते व म्हणून किमान चार उपग्रह लागतात. एक नॅनोसेकंदाची (सेकंदाच्या अब्जांश भागाची) चूक झाली, तर अंतरात सु. ३० सेंमी. फरक पडतो. सापेक्षता सिद्धांतानुसार जीपीएस उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा दिवसाला सु. ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतरात १० किमी. हून अधिक चूक साचेल. थोडक्यात, ज्याला लोक नकाशाचे यंत्र समजतात ते वस्तुतः घड्याळाचे यंत्र आहे.

आणवीय घड्याळे व भारतीय प्रणाली : भारतीय प्रणालीस शासनाची मान्यता २००६ मध्ये मिळाली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडण्यात आला आणि त्या वेळी तिला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. मूळ आराखड्यात तीन उपग्रह भूस्थिर कक्षेत व चार उपग्रह विषुववृत्ताशी कललेल्या भूसमकालिक कक्षांत, सु. ३६,००० किमी. उंचीवर होते. भारत व त्याच्या सभोवारचा सु. १,५०० किमी. पर्यंतचा टापू एवढे तिचे मुख्य सेवाक्षेत्र होय.

पहिल्या पिढीच्या उपग्रहांवरील रुबिडियम घड्याळे यूरोपातून आणलेली होती. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. उपग्रह आकाशात होता, त्याचे इतर भाग धडधाकट होते, पण वेळ सांगता येत नसल्याने मार्गनिर्देशनाच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरला. गॅलिलिओच्या उपग्रहांवरील घड्याळांतही असे दोष उद्‌भवले होते. त्याच्या जागी २०१७ मध्ये पाठविलेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच विलग न झाल्याने वाया गेला व २०१८ मध्ये दुसरा पाठवावा लागला. अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्रात तयार केलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ ह्या दुसऱ्या पिढीच्या उपग्रहावर प्रथम बसविण्यात आले. २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र इंधनाच्या ज्वलनास लागणाऱ्या ऑक्सिडीकारकाची झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत जाऊ शकला नाही. २०२५ मध्ये केंद्र शासनाने संसदेस दिलेल्या माहितीनुसार सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी चारच स्थाननिर्देशनाची सेवा देत होते. वर सांगितल्याप्रमाणे चार ही किमान गरज आहे. त्यात राखीव असे काही उरत नाही.

आयनांबराचा प्रश्न : उपग्रहाचा संदेश वातावरणाच्या आयनांबर ह्या विद्युत् भारित थरातून येताना त्यास विलंब होतो. हा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन कंप्रतांवर संदेश घेऊन तो वजा करता येतो. नाविकच्या पहिल्या पिढीत ह्यासाठी १,१७६·४५ व २,४९२·०२८ मेगॅहर्ट्‌झ ह्या कंप्रता होत्या. साध्या मोबाइल संचांना सोयीची अशी तिसरी कंप्रता दुसऱ्या पिढीत घालण्यात आली. भारतीय आकाशात मात्र एवढ्याने भागत नाही. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते व त्याच्या उत्तरेस, गुजरात–मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात, आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता फार वाढते. सूर्यास्तानंतर ह्या थरात विरल ‘बुडबुडे’ तयार होतात व त्यांतून येणारा संदेश चांदणी लुकलुकावी तसा लुकलुकतो. काही वेळा ग्राहीचा त्यावरील ताबाच सुटतो. विषुवदिनांच्या सुमारास हा उपद्रव विशेष असतो. विमानांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण व इस्रो यांनी उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीस म्हणून येथील आयनांबरास लागू पडणारे स्वतंत्र प्रतिमान तयार करावे लागले. अमेरिका व यूरोप येथील आयनांबर तुलनेने शांत असल्यामुळे तेथील तयार प्रतिमाने येथे चालत नाहीत. हे ज्ञान विकत आणता येण्यासारखे नाही. ते येथील निरीक्षणांतून व येथे घडलेल्या माणसांकडूनच मिळावे लागते. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेसारख्या संस्थांतील संशोधनाचे महत्त्व ह्या दृष्टीने मोठे आहे.

संदेशातील अडथळे : जमिनीवर पोहोचेपर्यंत उपग्रहाचा संदेश अत्यंत क्षीण होतो व अल्पशक्तीच्या प्रेषकानेही तो बुजविता येतो (जॅमिंग). बनावट संदेश पाठवून ग्राहीस खोटे स्थान दाखविणे (स्पूफिंग) हे त्याहून घातक होय. बाल्टिक समुद्राच्या परिसरातील अशा अडथळ्यांमुळे २०२४ च्या एप्रिलअखेर फिनलंडच्या विमान कंपनीस एस्टोनियातील तार्तू येथील उड्डाणे महिनाभर थांबवावी लागली. तेथे उतरण्याची पद्धती केवळ उपग्रहांवर अवलंबून होती. जमिनीवरील रेडिओ साधनांवर आधारलेली पर्यायी व्यवस्था केल्यावरच विमाने पुन्हा उतरू लागली. जुनी साधने कालबाह्य ठरवून मोडीत काढण्याची घाई किती महागात पडते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

भवितव्य : ह्यावरील उपाय अनेक दिशांनी शोधले जात आहेत. संदेश खरा आहे की नाही हे पडताळण्याची सोय गॅलिलिओने २०२५ पासून सर्वांस उपलब्ध करून दिली. पृथ्वीपासून काही शे किलोमीटरांवर फिरणाऱ्या लहान उपग्रहांचे संदेश अधिक प्रबळ असल्याने त्यांचाही वापर होऊ लागला आहे. भूस्थित दीर्घतरंगी प्रेषकांचे पुनरुज्जीवन, अधिक अचूक जडत्वीय साधने व प्रकाशीय आणवीय घड्याळे यांवरही काम चालू आहे. मार्च २०२५ मध्ये चंद्रावर उतरलेल्या एका अमेरिकी यानाने जीपीएस व गॅलिलिओ यांचे संदेश तेथे पकडले.

कुशल मनुष्यबळ : ग्लोनासची हकीकत येथे उद्‌बोधक आहे. १९९५ च्या अखेरीस तिचे २४ उपग्रह पूर्ण झाले होते. पण सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर पैसा आटला व २००१ पर्यंत दहापेक्षाही कमी उपग्रह कार्यक्षम उरले. जागतिक सेवा पूर्ववत होण्यास २०११ साल उजाडले. उपग्रह सुस्थितीत असूनही सेवा कोलमडू शकते. जुलै २०१९ मध्ये भूकेंद्रांतील बिघाडामुळे गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद होती. जानेवारी २०१६ मध्ये एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवर चुकीची माहिती गेली व त्यांनी सांगितलेल्या वेळेत १३·७ मायक्रोसेकंदांची चूक आली. स्थाननिर्देशन त्याने बिघडले नाही, पण अनेक देशांतील दूरसंचार यंत्रणांमध्ये धोक्याच्या सूचना वाजू लागल्या.

ह्या क्षेत्रास लागणारी माणसे एकाच प्रकारची नाहीत. घड्याळे करणारे भौतिकीविज्ञ, कक्षांचे गणित करणारे, ग्राहीचे अभियंते आणि पृथ्वीचा आकार व तिच्या कवचाच्या हालचाली मोजणारे भूगणितज्ञ यांची गरज असते. त्यांत भूगणितज्ञांचा तुटवडा सर्वांत गंभीर आहे. अमेरिकेतील काही भूगणितज्ञांनी २०२२ मध्ये आपल्या देशात हा विषय शिकविणारे व शिकणारे झपाट्याने कमी होत असल्याचा जाहीर इशारा दिला. भारतात १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन यांनी आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची परंपरा असूनही विद्यापीठांत हा विषय स्थापत्य अभियांत्रिकीच्या कोपऱ्यातच राहिला. कानपूरच्या आय.आय.टी.तील राष्ट्रीय भूगणित केंद्र, डेहराडून येथील संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अवकाशविज्ञान शिक्षण केंद्राचा अहमदाबाद येथे चालणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम इत्यादींमुळे काही सोय झाली आहे; मात्र देशाच्या विस्ताराच्या मानाने ती अपुरी आहे.

प्रत्यक्ष क्षेत्रावर काम करणाऱ्यांचे शिक्षण हाही दुर्लक्षित भाग आहे. महाराष्ट्रात भूमि अभिलेख खात्याची मोजणी शंकू-साखळी व फलकयंत्र यांकडून आता उपग्रहांवर चालणाऱ्या रोव्हरकडे वळली आहे. कायम संदर्भ स्थानकांकडून दुरुस्ती मिळाल्यास रोव्हर काही सेंमी. पर्यंत अचूक स्थान देतो. परंतु शेताची हद्द आकाशातून येत नाही. ती टिपण, फाळणी व पोटहिश्शाच्या नकाशांत आणि जागेवर उरलेल्या दगडांत असते. शिवाय भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या लंबगोलावर आधारलेले असून उपग्रहांची गणना वेगळ्या लंबगोलावर होते व त्यामुळे एकाच बिंदूच्या अक्षांश-रेखांशांत शेकडो फुटांचा फरक येऊ शकतो. ज्या भूकरमापकास हे रूपांतर समजत नाही, त्याच्या हातातील रोव्हर चुकीची हद्दही तितक्याच अचूकपणे दाखवितो व दोन भावांतील तंटा मिटण्याऐवजी त्यास सरकारी मोजणीचा आधार मिळतो. जुने टिपण वाचता येणारे अनुभवी निमतानदार निवृत्त होत आहेत आणि नव्या भूकरमापकांना यंत्र चालविणे चटकन येते, टिपण वाचणे येत नाही. दोन्ही पिढ्या सेवेत आहेत तोवरच त्यांना एकत्र क्षेत्रावर पाठविणे शक्य आहे.