जखम सुकवू नका, झाकून ओलसर ठेवा

खुरपणी, भातकापणी, ऊसतोडणी या कामांत विळा-कोयता लागणे नेहमीचेच. वारा लागला की जखम सुकते व लवकर भरते, असा समज आहे. म्हणून ती उघडी ठेवतात किंवा तीवर माती, चुना, तंबाखू दाबतात. हे योग्य नाही.

जखम कशी भरते?

उघड्या जखमेवर कोरडी खपली धरते. कडेने वाढणाऱ्या नव्या त्वचेच्या पेशींना या खपलीखालून वाट काढावी लागते, त्यात वेळ जातो. जखम झाकून ओलसर ठेवल्यास पेशी पृष्ठभागावरून सहज सरकतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर प्रयोग केले. पातळ पापुद्र्याने झाकलेल्या उथळ जखमांवर उघड्या जखमांच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने त्वचा आली.

केळीच्या पानाचा उपयोग

मुंबईत वांद्र्यापासून जवळच शीव येथे लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालय आहे. तेथे डॉ. माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी केळीच्या पानाची पट्टी वापरली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पान गुळगुळीत व मेणचट असल्याने ते जखमेला चिकटत नाही. त्यामुळे व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार पट्टीच्या तुलनेत पट्टी बदलताना वेदना कमी झाल्या. शिवाय खर्चही थोडा. मात्र ही पाने रुग्णालयात वाफेने निर्जंतुक केलेली असतात. बागेतील पान तोडून थेट जखमेवर बांधू नये.

घरी काय करावे?

१. हात साबणाने धुवावेत. स्वच्छ कापड दाबून धरून रक्त थांबवावे.
२. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. माती, कुसळे राहू देऊ नयेत.
३. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन वर स्वच्छ, न चिकटणारी पट्टी बांधावी.
४. पट्टी रोज बदलावी. भिजली किंवा मळली तर लगेच बदलावी. चिकटल्यास ओढू नये, पाण्याने भिजवून सोडवावी.

औषध दुकानात ओलावा धरणारी हायड्रोकोलॉइड पट्टीही मिळते. ती पाकिटावरील सूचनेप्रमाणे काही दिवस ठेवता येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ओलसर पट्टी फक्त किरकोळ, स्वच्छ जखमेसाठी आहे. खोल घाव, खिळा किंवा काटा खोल रुतणे, जनावराचा चावा, न थांबणारा रक्तस्राव, पू, वाढती सूज किंवा ताप असल्यास घरी वेळ घालवू नये. मधुमेही व्यक्तीने पायाची छोटी जखमही दाखवावी.

धनुर्वाताचे जंतू माती व शेणखतात असतात. अशी घाण लागलेली जखम असून इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पट्टी कितीही चांगली असली, तरी ती या इंजेक्शनची जागा घेऊ शकत नाही.