पनवेल–इंदापूर महामार्ग

पनवेल–इंदापूर महामार्ग : महाराष्ट्राच्या रायगड (१ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गाचा उत्तरेकडील पहिला टप्पा. लांबी सु. ८४ किमी. पनवेलजवळील पळस्पे फाट्यापासून त्याचा आरंभ होतो. कर्नाळा अभयारण्य ओलांडून तो पेण तालुक्यात खारपाडा, हमरापूर, पेण, वडखळ, गडब व कासू यांवरून जातो. पुढे रोहा तालुक्यात नागोठणे, सुकेळी खिंड, खांब व कोलाड ही ठिकाणे लागतात आणि माणगाव तालुक्यातील इंदापूर येथे हा टप्पा संपतो (पुणे जिल्ह्यातील याच नावाचे गाव वेगळे). रोहा हे तालुक्याचे ठिकाण मुख्य मार्गावर नसून कोलाडहून पश्चिमेस फुटणाऱ्या रस्त्याने महामार्गाशी जोडलेले आहे. हा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. १७ म्हणून ओळखला जाई व तो पनवेलपासून केरळमधील एडापल्लीपर्यंत होता. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर पनवेल–कन्याकुमारी असा तो राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ झाला. वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या शाखेस १६६-अ हा क्रमांक आहे.

रस्त्याची भौगोलिक परिस्थिती, त्याची बांधणी आणि त्यासाठी पैसा उभारण्याच्या पद्धती या तिन्ही गोष्टी एकमेकींवर कशा अवलंबून असतात, याचे हा टप्पा एक बोधप्रद उदाहरण आहे. चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये हाती घेतले गेले. २०२५ च्या पावसाळ्यापर्यंतही मुंबई–गोवा मार्गाची सर्व कामे पूर्ण झालेली नव्हती.

पूर्वेतिहास : रेल्वे व पक्के रस्ते होण्यापूर्वी या भागाची वाहतूक प्रामुख्याने खाड्यांतून चाले. अंबा नदीच्या खाडीवरील धरमतर व नागोठणे, कुंडलिकेच्या खाडीवरील रोहा आणि भोगावतीकाठचे पेण ही व्यापाराची ठिकाणे होती. मीठ, भात व लाकूड गलबतांतून मुंबईला जाई. नागोठणे येथील अंबा नदीवरचा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दगडी पूल खुष्कीच्या जुन्या मार्गाची साक्ष देतो. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेलचे महत्त्व वाढले. तथापि तळकोकणात जाणारा सलग रस्ता दीर्घकाळ दुय्यमच राहिला; प्रत्येक खाडी व नदी हा त्याचा अडसर होता. ठाणे खाडीवरील वाशी येथील पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईहून पनवेलमार्गे कोकणात जाणे सुलभ झाले. लोहमार्ग रोह्यापर्यंत १९८६ मध्ये पोहोचला. तेथून पुढे कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे प्रवासी वाहतुकीचा काही भार हलका झाला. मात्र मालवाहतूक व गावोगावचा प्रवास मुख्यतः रस्त्यावरच राहिला.

भूमी व पर्जन्य : पेण व रोहा तालुक्यांत वर्षाला सु. ३,००० मिमी. च्या आसपास पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. महामार्गाच्या पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा व पश्चिमेस भरतीच्या पाण्याची खाजणे असल्याने डोंगरावरून येणारे पाणी रस्ता ओलांडूनच खाडीस मिळते. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली, तर पाण्याचा निचरा तुंबतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे परिसरात मोठी प्राणहानी झाली. अशा प्रदेशात रस्त्याचा भराव हा नकळत बांधाचे काम करतो. त्यात पुरेशा रुंदीच्या मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर वरच्या बाजूची शेते व वस्त्या पाण्याखाली जातात आणि भरावाचा पायाही भिजून कमकुवत होतो.

पेण–वडखळ भागातील दुसरी अडचण जमिनीची आहे. खाडीकाठची ही खारी, चिकण, गाळाची माती पाणी मोठ्या प्रमाणावर धरून ठेवते. तिच्यावर भराव घातला असता तिच्यातील पाणी अतिशय सावकाश बाहेर पडते व भराव कित्येक वर्षे थोडा थोडा खचत राहतो. पुलाचे खांब खोल खडकावर उभे असल्याने ते खचत नाहीत. त्यामुळे पूल व भराव यांच्या सांध्यावर उंचवटा तयार होतो आणि वाहनांना धक्का बसतो. यावर उपाय म्हणजे मातीत उभे निचरा-मार्ग बसवणे, प्रत्यक्ष रस्ता करण्यापूर्वी काही महिने जादा भराव टाकून जमीन दाबून घेणे किंवा मऊ थर काढून त्या जागी मुरूम भरणे. हे उपाय वेळखाऊ असतात. घाईने केलेले काम पहिल्या दोनतीन पावसाळ्यांतच उघडे पडते.

रस्त्याची रचना व झीज : डांबरी रस्ता थराथरांचा असतो. तळाशी दाबलेली माती, तिच्यावर मुरूम वा बारीक खडीचा थर, त्यावर खडीकरण व शेवटी डांबरमिश्रित खडीचे थर असा त्याचा क्रम असतो. चाकाचा भार वरच्या थराकडून खालच्या थराकडे पसरत जातो. पृष्ठभागावरील बारीक भेगांतून पाणी आत शिरले, की खडीवरील डांबराचे आवरण सुटू लागते. चाकाखाली दाबले गेलेले पाणी भेग रुंदावते. खडी सुटी होऊन खड्डा पडतो. खड्ड्यात साचलेले पाणी खालचे थर मऊ करते व खड्डा झपाट्याने वाढतो. म्हणजे खड्डा हा पृष्ठभागाचा दोष वाटला, तरी त्याचे मूळ बहुधा निचऱ्याच्या अभावात असते. बाजूची गटारे तुंबलेली असताना पावसाळ्यात खडी, सिमेंटचे ठोकळे किंवा डांबराचे मिश्रण टाकून केलेली डागडुजी अल्पजीवी ठरते, ती याच कारणाने.

झिजेचे दुसरे कारण अवजड वाहने. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८–६० या काळात झालेल्या विस्तृत प्रयोगांवरून असे दिसून आले, की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारणतः चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. भारतात अभिकल्पासाठी ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात. एकेरी आसावरील भाराची मर्यादा पूर्वी १०.२ टन होती, ती २०१८ मध्ये ११.५ टन करण्यात आली. चतुर्थ घाताच्या नियमाने १०.२ टनांचा आस प्रमाण आसाच्या सु. अडीचपट, तर ११.५ टनांचा आस जवळजवळ चौपट हानी करतो. म्हणजे भार सु. १३ टक्क्यांनी वाढला, तरी हानी सु. ६० टक्क्यांनी वाढते. डोलवी येथील पोलाद कारखाना, नागोठणे येथील खनिज तेल-रसायन उद्योग आणि रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्र यांची अवजड वाहतूक याच मार्गावर असल्याने हा हिशेब येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. मोटारगाडीने होणारी हानी त्या मानाने नगण्य असते.

या दोन्ही कारणांमुळे मार्गाच्या मोठ्या भागात डांबराऐवजी सिमेंट काँक्रीटचा अवलंब करण्यात आला. काँक्रीटची लादी ताठ असल्याने भार विस्तृत क्षेत्रावर पसरवते व पाण्याने ती सहजी बिघडत नाही. तिचा अभिकल्प सामान्यतः ३० वर्षांसाठी करतात. डांबरी रस्त्यासाठी हा काळ १५ ते २० वर्षांचा असतो. मात्र तिचा आरंभीचा खर्च अधिक असतो व खालचा भराव खचल्यास लादी तडकते. मग डांबरासारखा नुसता वरचा थर देऊन भागत नाही, तर लादीच बदलावी लागते. म्हणून खाजणातील भराव स्थिर होऊ देणे काँक्रीटच्या बाबतीत अधिकच आवश्यक असते.

अर्थव्यवस्था : रस्त्यासाठी पैसा तीन मार्गांनी येतो : सर्वसाधारण करांतून, इंधनावरील खास करांतून आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडून घेतलेल्या पथकरातून. यांपैकी दुसऱ्या मार्गाचा भारतातील पाया मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने घातला. मोटारींची वाढती वाहतूक स्थानिक मंडळांच्या व प्रांतांच्या ऐपतीबाहेरची आहे, तेव्हा राष्ट्रीय महत्त्वाच्या रस्त्यांचा भार मध्यवर्ती सरकारने उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, असे समितीने सुचविले. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा वाढीव कर लावून केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला व त्याचा मोठा हिस्सा प्रांतांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळू लागला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग असे वर्गीकरण केले. संविधानाने राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे व इतर रस्ते राज्यांकडे सोपविले. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ मध्ये झाला. पुढे १९९८ मध्ये पेट्रोलवर व १९९९ मध्ये डीझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसविण्यात आला व २००० च्या अधिनियमाने केंद्रीय रस्ते निधीस वैधानिक रूप मिळाले. त्यातून ग्रामीण रस्ते, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेवरील पूल व राज्यांचे रस्ते यांना ठरलेल्या प्रमाणात वाटा देण्यात आला.

पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने खाजगी कंपनीकडे सोपविले. या पद्धतीत कंत्राटदार स्वतःचे भांडवल व बँकांचे कर्ज यांतून रस्ता बांधतो आणि पूर्ण झाल्यावर पथकरातून पैसा वसूल करतो. सरकारच्या तिजोरीवर लगेच भार पडत नाही, हा तिचा लाभ. परंतु तिचा सारा हिशेब काम वेळेत पूर्ण होण्यावर उभा असतो. या टप्प्यात भूसंपादन रेंगाळले व कर्नाळा अभयारण्यातील कामास वन व वन्यजीव विषयक परवानग्या घ्याव्या लागल्या. काम लांबले, की कर्जावरील व्याज साचत जाते, पथकराचे उत्पन्न सुरू होत नाही, बँका नवे कर्ज देईनाशा होतात व पैशाअभावी काम आणखी लांबते. या दुष्टचक्रात हा टप्पा सापडला. अखेर मूळ करार संपुष्टात येऊन पनवेल–कासू (० ते ४२ किमी.) व कासू–इंदापूर (४२ ते ८४ किमी.) असे दोन भाग करण्यात आले आणि सरकारी पैशातून ते नव्या कंत्राटदारांकडे देण्यात आले. इंदापूरपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील झाराप पर्यंतचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत दहा विभागांत हाती घेण्यात आला. त्यांपैकी काहींसाठी संमिश्र वार्षिकी पद्धत अवलंबिली गेली. तीत बांधकामकाळात ४० टक्के रक्कम सरकार देते व उरलेली कंत्राटदाराने गुंतवून नंतर हप्त्याहप्त्याने परत मिळवायची असते. पथकर कमी जमा होण्याचा धोका त्यामुळे सरकारकडे राहतो.

पथकराविषयी महाराष्ट्रात वेळोवेळी असंतोष व्यक्त झाला आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांनाही पथकरमाफी देण्याचा प्रघात आहे. अशा सवलतींची भरपाई शेवटी सर्वसाधारण करांतूनच होते. म्हणजे खर्च नाहीसा होत नाही, तो वापरणाऱ्याकडून करदात्याकडे सरकतो.

सुरक्षितता व लोकजीवन : अर्धवट रुंदीकरण झालेला रस्ता पूर्वीच्या दुपदरी रस्त्यापेक्षाही धोक्याचा ठरू शकतो. रुंद भागात वाढलेला वेग अचानक येणाऱ्या वळणमार्गावर, उघड्या खोदकामाजवळ किंवा अपुऱ्या पुलावर अपघातास कारण होतो. जुन्या पुलांची तपासणी किती निकडीची आहे, हे याच महामार्गावर महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दिसून आले. सावित्री नदीवरील १९२८ चा कमानी पूल पुरात कोसळून राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व इतर वाहने वाहून गेली. तेथील नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. निकड व पैसा या दोहोंची सांगड पडली, की काम किती लवकर होऊ शकते, हेही त्यावरून दिसते. महामार्गाच्या रखडलेल्या कामाबाबत मुंबई उच्च न्यायालयातही जनहित याचिकांद्वारे दाद मागण्यात आली व शासनाने वेळोवेळी दिलेल्या मुदती वाढवून घेतल्या.

रस्त्याच्या स्थितीचे परिणाम स्थानिक व्यवसायांवर थेट होतात. पेण व जवळच्या हमरापूर–जोहे परिसरात गणेशमूर्ती घडविण्याचा मोठा उद्योग आहे. मूर्तींची पाठवणी नेमकी पावसाळ्यात, रस्ता सर्वांत खराब असताना करावी लागते. खड्ड्याच्या एका हादऱ्याने मूर्ती भंगली, तर हंगामाची मेहनत वाया जाते. त्याच सुमारास मुंबईतील चाकरमानी गणपतीसाठी गावी निघतात व वर्षातील सर्वाधिक वाहने याच टप्प्यावर एकवटतात. आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात नेण्यासही पेण–रोह्याच्या रहिवाशांना बहुधा हाच मार्ग धरावा लागतो. दुसरीकडे वळणरस्ते झाल्याने वडखळसारख्या नाक्यांवरील कोंडी हटते, पण तेथील खाणावळी व दुकाने यांचे गिऱ्हाईकही तुटते.

निष्कर्ष : नवा रस्ता बांधण्यासाठी कर्ज मिळते, उद्‌घाटन होते व लोकांचे लक्ष असते, गटारे साफ करणे, मोऱ्या मोकळ्या ठेवणे आणि भेगा वेळेवर बुजविणे या कामांना यांपैकी काहीच लाभत नाही. दुरुस्तीवर आज वाचविलेला पैसा पुढे पुनर्बांधणीवर कित्येक पटींनी खर्च करावा लागतो. जयकर समितीने मोटारवाहतुकीवरील कराचा संबंध रस्त्यांशी जोडला, तो या खर्चासाठी सातत्याचे उत्पन्न असावे म्हणून. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्याने मुंबई व रायगड जिल्हा यांतील अंतर कमी झाले आहे. साहजिकच पेण–रोहा भागावरील वाहतुकीचा भार वाढत जाणार. चौपदरी काँक्रीटचा रस्ता पूर्ण झाला, तरी कोकणातील पावसात तो टिकेल की नाही, हे त्याच्या रुंदीपेक्षा निचरा, भाराचे नियंत्रण आणि दरवर्षीची देखभाल यांवरच अवलंबून राहील. [⟶ पूल, रस्ते, रायगड जिल्हा, वाहतूक].