दंडावरचा व्रण, हातावरचा कडकपणा

घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला की डॉक्टर मुलांची मांटू टेस्ट करायला सांगतात. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, बारीक सुईने कातडीतच ट्युबरक्युलिन टोचतात. हरभऱ्याएवढा फुगवटा येतो आणि थोड्याच वेळात जिरतो. खरा निकाल कळतो ४८ ते ७२ तासांनी. तेव्हा लाली मोजायची नसते. बोटाला लागणारा कडकपणा हाताच्या आडव्या दिशेने मोजायचा असतो. तो १० मिलिमीटर भरला की टेस्ट सहसा पॉझिटिव्ह धरतात. मग पालक मुलाच्या दंडावरचा व्रण दाखवतात : "बीसीजी दिलीय, त्यामुळेच आलं असेल."

शंका निराधार नाही. कालमेट आणि गेरँ यांनी फ्रान्समधल्या लील इथे १९०८पासून गाईंच्या क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवला. २३० वेळा वाढवून निस्तेज झालेला तो जंतू म्हणजे बीसीजी ही क्षयाची लस. माणसाच्या क्षयजंतूशी त्याची बरीच प्रथिने जुळतात. ट्युबरक्युलिन हे अशाच प्रथिनांचे मिश्रण. ती पाहून लसीने तयार केलेल्या स्मरणपेशीही धावून येतात. ही प्रतिक्रिया लसीची की संसर्गाची, हे नुसत्या कातडीवरून सांगता येत नाही.

पण लस कधी दिली हे महत्त्वाचे. आपल्याकडे बीसीजी जन्मानंतर लगेच देतात. तान्हेपणी घेतलेल्या लसीचा या टेस्टवरचा परिणाम ओसरत जातो. दहा वर्षांनी तो शंभरात जेमतेम एकात उरतो. मोठेपणी घेतलेल्या लसीचा मात्र जास्त टिकतो. म्हणून रुग्णासोबत राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातावर १६ मिलिमीटर कडकपणा आला, तर दोष बीसीजीला देणे मला धोक्याचे वाटते.

लस आणि संसर्ग वेगळे ओळखण्याची वाट लसीच्याच इतिहासात सापडली. निस्तेज होताना बीसीजीने जनुकांचा एक तुकडा गमावला. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांची जनुके त्या तुकड्यात असल्याने बीसीजीत ती प्रथिने नाहीत. त्यांच्यावर बेतलेल्या 'इग्रा' या रक्तचाचणीला लस फसवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सीवाय-टीबी' ही कातडीवरची टेस्टही याच प्रथिनांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशा टेस्टना मान्यता दिली.

यांतली कोणतीही टेस्ट संसर्ग आणि आजार यांतला फरक सांगत नाही. त्यामुळे पॉझिटिव्ह रिपोर्ट 'लसीचाच असेल' म्हणून बाजूला ठेवू नका. मुलाला डॉक्टरांकडे न्या, छातीचा एक्स-रे काढा. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात.