नोटीस येण्याआधी : शहरात राहणाऱ्याला ठाऊक असावेत असे काही नियम

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्या घरातले शाळकरी मूलही सांगू शकते. 20 मार्च 1927 ही तारीख आपल्याला वेगळी पाठ करावी लागत नाही. परंतु त्या घटनेच्या मागे नगरपालिकेचा एक कागद होता, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव घेतला. तीन वर्षे तो ठराव दप्तरातच पडून राहिला. बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा ते कागदावरचा हक्क प्रत्यक्ष बजावत होते. पुढे त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्ट 1927 रोजी ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेरी चालली आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

यातून घेण्यासारखा बोध असा की, नियम असणे आणि तो वापरणारा माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपल्यापैकी बहुसंख्य लोक शहरात राहतात. घर, नळ, दुकान, लग्न, मुलाचा जन्म, अशा प्रत्येक गोष्टीला महानगरपालिकेचा कुठला ना कुठला नियम लागू असतो. पण तो आपल्याला कळतो केव्हा? दारावर नोटीस चिकटते तेव्हा! म्हणून प्रस्तुत लेखात सर्वसामान्य कुटुंबाला लागणारे मोजके नियम सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मी वकील नाही, बँकेतला कारकून आहे. पण कागद नसल्यामुळे माणूस कसा अडतो, हे काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो.

नियम कोण करतो?

अमरावती महानगरपालिका 15 ऑगस्ट 1983 रोजी स्थापन झाली, अकोल्याची 1 ऑक्टोबर 2001 रोजी. दोन्ही ठिकाणी 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर येथे नगरपरिषदा आहेत व त्यांना 1965 चा वेगळा अधिनियम लागतो. त्यामुळे गावाकडच्या नातलगाला सल्ला देताना हा फरक ध्यानात ठेवावा.

अधिनियम विधिमंडळ करते. त्याखाली महानगरपालिकेला उपविधी करता येतात, परंतु राज्य शासनाची मंजुरी मिळाल्याशिवाय ते अमलात येत नाहीत. म्हणजेच कोणी कर्मचारी तोंडी म्हणाला, ‘असा नियम आहे’, तर तेवढ्याने तो नियम होत नाही. ‘कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या’ असे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्लॉट आणि घर

काही वर्षांपूर्वी एक वयस्क गृहस्थ मुलाच्या घरकर्जासाठी आमच्याकडे आले होते. पिशवीत वीस वर्षांच्या घरटॅक्सच्या पावत्या तारखेवार लावलेल्या होत्या. प्लॉट मात्र शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरच्या इसारचिठ्ठीने घेतलेला. कर्ज मिळणार नाही असे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘सायेब, वीस वर्सापासून टॅक्स भरून रायलो ना मी, मंग घर कोनाचं?’’ त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते त्यांना ऐकवताना माझाच जीव थोडा झाला.

उत्तर असे आहे की, घरटॅक्सची पावती हा मालकीचा पुरावा नाही. जो जागा वापरतो त्याच्याकडून कर घेतला जातो, एवढाच तिचा अर्थ. मालकीसाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत लागते. त्यानंतर सात-बारावर किंवा आखीव पत्रिकेवर आपले नाव चढले पाहिजे. प्लॉट घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : जमीन अकृषक झाली आहे काय, ले-आउट मंजूर आहे काय, आणि आपण घेतो तो तुकडा त्या नकाशात रस्ता, ओपन स्पेस किंवा आरक्षण म्हणून दाखवलेला तर नाही ना?

ज्यांनी मंजुरी नसलेल्या ले-आउटमध्ये आधीच प्लॉट घेतले, त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी अधिनियम आहे. आरंभी तो 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या प्लॉटनाच लागू होता. 2021 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. ठरलेले शुल्क भरून असा प्लॉट नियमित करता येतो, मात्र तो आपोआप होत नाही, अर्ज करावाच लागतो.

आपल्या वऱ्हाडात नझूलच्या जागेचा प्रश्न फार जुना आहे. नझूल म्हणजे शासनाची जमीन. ती भाडेपट्ट्याने मिळते, पट्ट्याला मुदत असते आणि तिचा कारभार महानगरपालिकेकडे नसून जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. आजोबांच्या नावाचा पट्टा घरात असेल तर त्याची मुदत केव्हा संपली, नूतनीकरण झाले काय आणि वारसांची नावे लागली काय, हे आजच पाहून घ्यावे. झोपडपट्टीत राहणाऱ्यांसाठी 1971 चा स्वतंत्र अधिनियम आहे व त्यात 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या रहिवाशांना संरक्षण आहे. तेव्हाचे वीजबिल, मतदार यादीतील नाव, रेशनकार्ड यांसारखा कागद कधीही टाकून देऊ नये.

बांधकामाचे नियम डिसेंबर 2020 पासून राज्यभर बहुतांश ठिकाणी एकाच नियमावलीने चालतात. त्यात लहान माणसाच्या उपयोगाची तरतूद आहे. प्लॉट 150 चौरस मीटरपर्यंतचा आणि मंजूर ले-आउटमधला असेल, तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने सही केलेला नकाशा देऊन शुल्क भरायचे. ती पावतीच परवानगी समजली जाते. 150 ते 300 चौरस मीटरच्या प्लॉटसाठी परवानगी दहा दिवसांत देण्याची तरतूद आहे. ‘लहान घराला परवानगी कशाला?’ असे म्हणून बांधकाम सुरू करणारा माणूस स्वस्तातली सोय सोडून महागातली नोटीस विकत घेतो.

घरटॅक्स

घराचे करयोग्य मूल्य ठरवून त्यावर कर बसतो. फेरआकारणी झाली की नोटीस येते व हरकत घेण्याची मुदत तीत दिलेली असते. माझ्याच घराची अशी नोटीस मी एकदा ‘रविवारी पाहू’ म्हणून कपाटात ठेवली. खोल्यांचे माप जास्त लागले होते, पण मी अर्ज घेऊन गेलो तोपर्यंत मुदत उलटून गेली होती. दोष माझाच होता. हरकतीचा निकाल मान्य नसेल तर कलम 406 खाली न्यायाधीशाकडे अपील करता येते. मात्र त्याला पंधरा दिवसांची मुदत असते आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते.

कर थकला की थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वर्षाला चोवीस टक्के! इतक्या दराने आम्हीसुद्धा घरकर्ज देत नाही. अकोल्याचे उदाहरण ताजे आहे. तेथे 2017-18 पासून कर वाढवण्यात आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये ती वाढ रद्द केली, तर सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती वैध ठरवली. सार्वजनिक लढा जरूर लढावा, पण निकाल कुठे जाईल हे माहीत नसताना आपला कर पूर्णपणे थांबवून ठेवू नये.

पाण्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते, तर अकोल्यात काटेपूर्णाचे पाणी महानगरपालिका देते. तक्रार चुकीच्या दारात दिली की महिना फुकट जातो.

नोटीस आली तर

अनधिकृत बांधकामाबाबत सामान्यतः कलम 260 खाली कारणे दाखवा नोटीस येते. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी असे ठरवून दिले की, किमान पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कोणाचे बांधकाम पाडता येणार नाही. परंतु रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-नाला अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. तेव्हा नोटीस घेण्यास नकार देऊ नये. ती घ्यावी, मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहावी आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन त्याची पोच घ्यावी. ‘नगरसेवकाला सांगितले आहे’ हे उत्तर कुठल्याही कोर्टात चालत नाही.

हातगाडी आणि फुटपाथवरचा धंदा

राजकमल चौक असो, इतवारा असो की अकोल्याचा टिळक रोड, आपले कितीतरी बांधव तेथे भाजी, फळे, कपडे विकून संसार चालवतात. त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडायचे असतात. माल जप्त केला तर त्याची यादी देणे बंधनकारक आहे. रीतसर शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. सर्वेक्षणाच्या वेळी गावी गेलेला माणूस मात्र यादीतून राहून जातो. ही खबर वेळेवर पोहोचवणे हे सुशिक्षित शेजाऱ्याचे काम आहे.

जन्म, मृत्यू आणि विवाह

जन्म-मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते आणि एक वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. म्हणून दाखल्यात बाळाचे नाव एका वर्षाच्या आत टाकून घ्यावे, तोपर्यंत त्याला शुल्क नाही.

मंगल परिणय विहारात झाला व संस्थेने प्रमाणपत्र दिले, म्हणजे नोंदणी झाली असे अनेकांना वाटते. तसे नाही. 1998 च्या अधिनियमानुसार विवाहापासून 90 दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह विवाह निबंधकाकडे नोंद करावी लागते. शहरात ही नोंद महानगरपालिकेत होते. पासपोर्ट, पेन्शन, वारसा यांच्या वेळी ह्याच दाखल्याची आठवण होते.

कचरा आणि आवाज

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यावा असे 2016 च्या नियमांनी सांगितले. रस्त्यावर टाकणे व जाळणे या दोन्हींना मनाई आहे. बंदी असलेली प्लॅस्टिक पिशवी सापडली तर 2018 पासून पहिल्या वेळी पाच हजार रुपये दंड आहे. ध्वनिक्षेपकास रात्री 10 ते सकाळी 6 मनाई आहे. वर्षातील ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त पंधरा, शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी शेवटच्या दिवशी मागू नये, आणि मिळालेल्या परवानगीतल्या अटी डी.जे. लावणाऱ्या मुलांना आधी वाचून दाखवाव्यात.

विहार आणि ओपन स्पेस

अनेक वस्त्यांत विहार ले-आउटच्या ओपन स्पेसमध्ये उभे आहे. 29 सप्टेंबर 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत स्थळ उभारण्यास मनाई केली, आणि जुन्यांचा एकेक करून विचार करण्यास सांगितले. तेव्हा जागेचा करारनामा, मंजूर नकाशा व संस्थेची नोंदणी ही तीन कागदपत्रे कार्यकारिणीने एका फाइलीत ठेवावीत. केवळ प्रार्थनेसाठी वा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला कलम 132 खाली सामान्य करातून सूट आहे. एखादा गाळा भाड्याने दिला तर तेवढ्या भागाची सूट जाते.

कागद कसा मिळवावा?

2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अनेक दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे. त्या मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. 2005 च्या माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळायला हवी. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही. राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीलाच आहे, मुंबईला जावे लागत नाही.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या संस्थेत पदवीचे शिक्षण घेणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातून एका रविवारी विहारात टेबल मांडून बसावे, आणि ज्यांना वाचता येत नाही अशांच्या नोटिसा वाचून द्याव्यात, मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्यावी, अर्ज लिहून द्यावेत. यासाठी निधी लागत नाही. एक वही, एक पेन आणि पोच घेण्याची सवय पुरते. ते पावत्यांची पिशवी घेऊन आलेले गृहस्थ वीस वर्षांपूर्वी अशा एखाद्या टेबलापाशी आले असते, तर त्यांच्या मुलाचे कर्ज अडले नसते.