वीजबचतीचे अनुदान : पात्रता ठरते कशी?

भारनियमनाच्या वर्षांत वीजबचत हा महाराष्ट्रात उपदेशाचा विषय होता; पुढे तो हिशेबाचा विषय झाला. जुना पंखा बदलणाऱ्या ग्राहकाला वितरण कंपनीने सवलत द्यायची, तर ते पैसे येतात कोठून? नियामक आयोगाने मंजूर केलेला असा खर्च अखेर वीजदरात मिसळतो. शेजाऱ्याच्या नव्या पंख्याचा अल्पसा भार पंखा न बदलणाऱ्या ग्राहकावरही पडतो. म्हणूनच कोणता उपाय अनुदानास पात्र, याचे निकष काटेकोर असावे लागतात.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाच्या योजनांची अंमलबजावणी आणि त्यांची किफायतशीरता यांसाठी स्वतंत्र विनियम केले. अशा मूल्यमापनाची पद्धत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८३ पासून रूढ झाली. एकाच योजनेकडे तीत निरनिराळ्या बाजूंनी पाहिले जाते : भाग घेणाऱ्या ग्राहकाचा फायदा किती, कंपनीचा खर्च किती, इतर ग्राहकांच्या दरावर परिणाम काय आणि सर्वांचा मिळून लाभ खर्चाहून अधिक आहे का? ग्राहकाला फायदेशीर असलेली योजना इतरांना महाग पडू शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

पुढचा प्रश्न बचत मोजण्याचा. सुमारे ७५ वॉटच्या साध्या पंख्याऐवजी ३० वॉटचा ‘बीएलडीसी’ पंखा लावला आणि तो वर्षातील ३०० दिवस रोज १२ तास चालला, तर १६२ युनिट वाचतात. हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत महिन्यातून दोनदा फिरत असेल, तर अनुदान वाया गेले म्हणायचे. तुलना कशाशी करायची, हेही महत्त्वाचे. ग्राहक नवा वातानुकूलक घेणारच असेल, तर बचत जुन्या यंत्राच्या तुलनेत मोजणे गैर. बाजारात मिळणाऱ्या साध्या नव्या यंत्राशीच तुलना हवी. वातानुकूलकांचे तारांकनाचे निकष २०२२ मध्ये कडक झाले, तेव्हा आधीचे पंचतारांकित यंत्र सर्वसाधारणपणे चार ताऱ्यांवर आले. निकष असे वर सरकले, की अनुदानाची पातळीही वर न्यावी लागते.

जुने उपकरण परत घेण्याची अट अनेकांना जाचक वाटते. पण जुना फ्रिज मोडीत न निघता दुसऱ्या घरात सुरू राहिला, तर विजेची मागणी घटण्याऐवजी वाढते. वेळेचेही मोल आहे. कमाल मागणीच्या तासांत कंपनीला महाग वीज विकत घ्यावी लागते. त्या वेळी वाचलेले युनिट मध्यरात्रीच्या युनिटापेक्षा अधिक किमतीचे.

छतावरील सौरऊर्जेचे गणित थोडे वेगळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतील अनुदान केंद्र सरकारचे असते, वीजदरातून वसूल होणारे नव्हे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, अशी घरगुती ग्राहकासाठी कमाल ७८ हजार रुपयांची तरतूद योजनेत करण्यात आली. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये ठेवण्यात आले. मात्र संच वितरण जाळ्याला जोडलेला हवा, पॅनेल व त्यातील सौर घट देशात बनलेले हवेत, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच व्हावे आणि पूर्वी सौर अनुदान घेतलेले नसावे, अशा अटी आहेत. वितरण कंपनीने तपासणी करून नेट मीटर बसविल्यानंतरच रक्कम खात्यात जमा होते. स्वस्त पडतात म्हणून परदेशी पॅनेल बसविणाऱ्याची वीज तयार होईल. अनुदान मात्र हातचे जाईल.

त्यामुळे विक्रेत्याने ‘सबसिडी मिळेल’ म्हटले, तरी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याची नोंदणी आणि पॅनेलचे मूळ तपासलेले बरे. निकष ही केवळ कागदी कटकट नव्हे. इतरांच्या पैशांतून दिलेली सवलत खरोखर विजेच्या रूपाने परत येते का, एवढेच ते विचारतात.