टीसी नाही जी, मॅडम

विदर्भातल्या उन्हामुळे आमच्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मग सगळी घाई एकदमच! पुस्तकवाटप, गणवेशाची मापं, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती... शिकवायचं कधी, विचारूच नका.

हिंगण्यात एमआयडीसी असल्यानं कामगारांची बिऱ्हाडं सारखी येत-जात असतात. यंदा दुसऱ्याच आठवड्यात एक बाई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन दारात उभी. मुलीच्या कडेवर तीन वर्षांचा भाऊ.

"टीसी नाही जी, मॅडम. पुढच्या वर्षी टाकू का?"

म्हटलं, पुढच्या वर्षी कशाला? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार टीसीसाठी प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा अन् मागे राहिलेलं वेगळं शिकवायचं. वर्षभर घरी राहिलेली पोर लहान भावंडं सांभाळू लागते, मग कुठली शाळा! असं कितीदा पाहिलंय.

दाखलखारीज रजिस्टरात नाव चढवलं, चौथीत बसवलं. खरी अडचण टीसीची नव्हतीच, कडेवरच्या भावाची होती. तीन वर्षांचा म्हणजे अंगणवाडीत बसू शकतो. आईला तिथे घेऊन गेले.

आता रोज सुटीनंतर अर्धा तास आम्ही दोघी जोडाक्षरं गिरवतो. ऑनलाइन माहिती अजून अर्धीच भरून झालीय.